इंजिनला नेमकं काय विचारायचं?

मार्च १९६०. मॉस्कोचं पुश्किन थिएटर. विश्वविजेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. पांढरे मोहरे घेऊन बसलेला मिखाईल बॉटविनिक ४८ वर्षांचा, समोर रीगाहून आलेला २३ वर्षांचा मिखाईल ताल. एकविसाव्या चालीला तालने आपला घोडा एफ४ या घरावर नेऊन ठेवला. तिथे पांढऱ्याचं प्यादं त्याला सरळ मारू शकत होतं, आणि त्या बदल्यात हाती लगेच काही लागत नव्हतं. प्रेक्षागृहात इतकी कुजबूज आणि गलका झाला की पंचांना डाव रंगमंचावरून हलवून आतल्या खोलीत न्यावा लागला. ताल तो डाव जिंकला आणि पुढे लढतही १२.५–८.५ अशी जिंकून विश्वविजेता झाला.

आज हा डाव मोबाइलवर लावला, तर शेजारची पट्टी खालीवर होत जाते आणि प्रत्येक चालीचा निवाडा देते. तो निवाडा साधारण असा: घोडा दिल्यानंतर तालकडे खेळण्यासारखं बरंच होतं, पण दोनच चालींनंतर तो घसरला. उंट ई५ वर आणायचा सोडून त्याने वजिराने बी२ वरचं प्यादं खाल्लं. तिथे बॉटविनिकला डाव जिंकता येत होता. मग बॉटविनिकही चुकला आणि हरला. दोन्ही चुका खऱ्या आहेत. संगणक येण्याच्या कितीतरी आधी विश्लेषकांनी त्या शोधून काढल्या होत्या. प्रश्न असा आहे की एवढं कळल्यावर त्या घोड्याबद्दल आपल्याला नेमकं काय कळलं?

बॉटविनिक जिथे चुकला ती जागा जवळून पाहण्यासारखी आहे. त्याने हत्ती बी१ वर आणून तालच्या वजिरावर हल्ला केला. तालने वजीर तसाच ठेवला आणि प्यादं एफ३ वर ढकललं. आता पांढऱ्यापुढे दोन वाटा होत्या. हत्तीने वजीर मारायचा, किंवा वजिराकडे दुर्लक्ष करून उंटाने ते एफ३ वरचं प्यादं मारायचं. बॉटविनिकने वजीर मारला. लगेच तालच्या प्याद्याने ई२ वरचा वजीर खाल्ला, काळ्याचा लांब पल्ल्याचा उंट मोकळा झाला आणि पांढऱ्याचे मोहरे एकमेकांच्या पायात अडकले. बरोबर चाल होती उंटाने प्यादं मारण्याची. पण ती तेवढ्यावर सुटत नव्हती. त्यानंतर काळा उंटाने बी१ वरचा हत्ती खाणार, दुसऱ्या हत्तीने तो उंट मारायचा, काळा वजीर सी२ वर घुसणार, आणि तिथे पांढऱ्याला उंट ई४ वर ठेवण्याची एक चाल सापडायला हवी होती. तो उंट काळ्याच्या हत्तीच्या थेट तोंडी जातो. ही शेवटची चाल दिसत नसेल, तर पहिल्या बरोबर चालीवर विश्वास बसत नाही. पटावर बसलेल्या माणसाला वजीर खायचा मोह झाला, असं म्हणणं मला बॉटविनिकवर अन्याय करणारं वाटतं. त्याने मोह केला नाही, हिशोब केला. घड्याळ चालू असताना तो हिशोब जिथवर पोचू शकत होता तिथवरच पोचला.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. इंजिन बलिदानाची परीक्षा घेतं हे खरं. पण आपण त्याला ज्या पद्धतीने प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर फारसं उपयोगाचं नसतं. चाल लावायची, आकडा बघायचा, आकडा उणे असला की चाल बाद. ही परीक्षा अपुरी आहे. त्याहून वाईट म्हणजे, त्यामुळे इंजिनकडे असलेलं खरं ज्ञान आपल्या हातून निसटतं.

आधी तो आकडा काय सांगतो ते बघू. इंजिनचा आकडा प्याद्यांच्या मापात असतो, म्हणजे १.०० म्हणजे एका प्याद्याइतकी आघाडी, असं आपण वर्षानुवर्षं समजत आलो. २०२२ च्या अखेरीस स्टॉकफिशने आपल्या १५.१ या आवृत्तीत या आकड्याला स्पष्ट अर्थ दिला: १.०० म्हणजे त्या बाजूची जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. पण कोणाविरुद्ध? इंजिन आपल्याच ताकदीच्या इंजिनाशी, त्यांच्या चाचणीच्या परिस्थितीत खेळत असेल तेव्हा. म्हणजे पट्टीवरचा तो आकडा दोन्ही बाजूंना न थकणारा, न घाबरणारा, क्षणात लाखो पटस्थिती तपासणारा खेळाडू बसला आहे असं धरून बोलतो. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात हे गृहीतक खरंही असतं. तिथे इंजिन वापरायला अधिकृत परवानगी आहे, आणि वरच्या पातळीवर जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात. त्या जगात आकडा हाच निकाल. पण हॉलमध्ये समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या डावात तोच आकडा निकाल म्हणून वापरणं म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिणं.

इथपर्यंत आलं की बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात. बघा, शेवटी हा माणसांचा खेळ. इंजिनला धाडस काय कळणार. ताल आज असता तर त्याने पट्टीकडे बघितलंही नसतं. मला हे अजिबात मान्य नाही. या बोलण्यात आळस आहे, आणि तालवर प्रेम करणाऱ्यांनी तर तो मुळीच करू नये. ताल पटावर प्रचंड मोजायचा. त्याची बलिदानं म्हणजे डोळे मिटून मारलेल्या उड्या नव्हत्या. शिवाय हे प्रकरण १९६० मध्ये संपलं नाही. बॉटविनिकने वर्षभर तालच्या डावांचा अभ्यास केला आणि १९६१ ची परतीची लढत १३–८ अशी जिंकली. ताल त्या काळात आजारी होता, हे खरं. तरीही तो फरक केवळ आजारपणाने पडत नाही. गुंतागुंतीत शिरायचंच नाही, तालला हवी तशी पटस्थिती येऊच द्यायची नाही, हा बॉटविनिकचा धडा होता. समोरचा माणूस शिकतो. आज तर तो घरी जाऊन दहा मिनिटांत शिकतो.

त्याच्याही आधी, १९१८ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलने कॅपाब्लांकाविरुद्ध रुई लोपेझमध्ये एक प्यादं देऊन हल्ला उभा केला. कॅपाब्लांकाला समोर काय येतंय ते ठाऊक नव्हतं. समोरच्याने तयारी करून आणली आहे हे ओळखूनही त्याने प्यादं घेतलं आणि एकेक चाल शोधत वादळातून बाहेर पडून डाव जिंकला. म्हणजे अरुंद वाटही माणसाला सापडू शकते. समोरचा गडबडेल या एकाच भरवशावर मोहरा देणारा खेळाडू कधी ना कधी कॅपाब्लांकापुढे बसतोच. आणि याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की मार्शल तो डाव हरला तरी त्याचा हल्ला आज शंभर वर्षांनीही जिवंत आहे. इंजिनांनी तो तपासून तपासून सांगितलं की काळ्याला त्या प्याद्याचा पुरेसा मोबदला मिळतो. आजचे अव्वल खेळाडू पांढऱ्या बाजूने त्या वाटेला जाणंच टाळतात. एका डावाच्या निकालावरून बलिदानाचं मोल ठरत नाही, हे मार्शलच्या बाबतीत इंजिनने सिद्ध केलं. इंजिन हे बलिदानाचं वैरी आहे असं म्हणणाऱ्याने हा इतिहास एकदा वाचावा.

कारण इंजिनचा स्वतःचा स्वभावही बदलत गेला आहे. ११ मे १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लूने शेवटच्या डावात कास्पारोव्हविरुद्ध आठव्या चालीला घोडा ई६ वर दिला आणि १९ चालींत डाव जिंकला. जगाला वाटलं, यंत्र धाडस करू लागलं. प्रत्यक्षात ती चाल यंत्राला मोजून सुचलेली नव्हती. माणसांनी त्याच्या सुरुवातीच्या चालींच्या संग्रहात ती भरून ठेवली होती. कास्पारोव्हने मात्र, संगणक असा घोडा देत नसतात, या हिशोबावर तो धोका पत्करला होता. पुढच्याच वर्षी लिनारेसला शिरोव्हने टोपालोव्हविरुद्ध शेवटाच्या खेळात आपला उंट एच३ वर नेऊन ठेवला. तिथे तो प्याद्याने फुकट मारता येत होता. हेतू एवढाच, की आपल्या राजाला मध्यात पोचायला एक चाल वाचावी. त्या काळच्या इंजिनांना ती चाल सापडत नव्हती. आजच्या इंजिनांना सापडते. २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिशशी खेळलेल्या शंभर डावांपैकी २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सोडवले. त्या सामन्याच्या अटींवर वाद झाला, तो रास्तही होता. पण त्या डावांत एक यंत्र दुसऱ्या यंत्राला प्यादी आणि मोहरे देऊन वीसवीस चाली नुसता दाब ठेवत होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. २०२० मध्ये स्टॉकफिशनेही मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क स्वीकारलं. तेव्हापासून मोहरे मोजण्याची त्याची जुनी सवय बरीच सुटली. वीस वर्षांपूर्वी ज्याने आपलं आवडतं बलिदान संगणकावर तपासून चूक म्हणून वहीत खोडलं असेल, त्याने ती वही पुन्हा उघडावी. काही खोडाखोडी तशाच राहतील, काही पुसाव्या लागतील.

आता मुद्द्याचं. बलिदान तपासायचं म्हणजे करायचं काय? एक उदाहरण पूर्ण उलगडून सांगतो, आणि मुद्दामच असं निवडतो जिथे इंजिनचा कौल बलिदानाच्या विरुद्ध आहे.

पेट्रॉफ बचाव हा शांत माणसांचा बचाव. दोन्हीकडून राजापुढचं प्यादं दोन घरं, पांढरा घोडा एफ३, काळा घोडा एफ६, पांढऱ्याने ई५ वरचं प्यादं मारलं, काळ्याने डी६ करून घोड्याला हुसकावलं. इथे बहुतेक सगळे घोडा मागे घेतात. कॉक्रन गॅम्बिटमध्ये तो मागे न घेता थेट एफ७ वर मारतात आणि राजाला त्याला खायला लावतात. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळतात आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा जातो. जॉन कॉक्रन हा कलकत्त्यात वकिली करणारा स्कॉटिश बॅरिस्टर. १८४८ मध्ये त्याने ही चाल केली ती महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूविरुद्ध. याच महेशचंद्रांच्या खेळावरून पुढे जगभरात इंडियन डिफेन्स हे नाव रुजलं. कॉक्रनची चाल ही भारतातल्या पटावर जन्मलेली चाल आहे, आणि ती आपल्याकडे अजून खेळली जावी असं मला मनापासून वाटतं. १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोव्हने ती क्रामनिकविरुद्ध केली आणि डाव बरोबरीत सुटला. त्या पातळीवर ती खेळण्याची हिंमत पुन्हा फारशी कोणी दाखवली नाही.

इंजिनला विचारा. काळा स्पष्ट वरचढ, असं ते सांगेल. आता पुढचे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: काळ्याची वाट किती रुंद आहे? काळ्या राजाने घोडा खाल्ल्यावर पांढरा आज बहुधा डी४ करतो. मध्यात दोन प्यादी शेजारी शेजारी उभी राहतात. एकाऐवजी इंजिनला पाचसहा उत्तम चाली एकदम दाखवायला सांगा. लक्षात येईल की काळ्याला एकच चाल शोधायची नाही. प्यादं सी५, प्यादं जी६, उंट ई७, वजीर ई८ यांपैकी कुठलीही चाल त्याला चालते. घोड्याने ई४ वरचं प्यादं खाल्लं तर मात्र पांढऱ्याचा वजीर एच५ वर शह देतो. काळ्याने जी६ करून शह अडवला की वजीर डी५ वर येतो, पुन्हा शह, आणि ई४ वरचा घोडा आयता सापडतो. पण हा खड्डा एकच आहे, बाकी वाट मोकळी. बॉटविनिकची वाट एका पावलाएवढी अरुंद होती, ही चांगली गाडीवाट आहे. फक्त आकडा पाहणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही. त्याला दोन्ही बलिदानं सारखीच उणे दिसतात.

दुसरा प्रश्न: बरोबर चाल बरोबर वाटते का? मोहरा दिल्यावर समोरच्याला जी चाल करायची आहे ती त्याच्या सवयीची असेल, तर तो न मोजताही ती करेल. कॉक्रनमध्ये काळ्याला करायचं असतं ते असं: उंट ई७, हत्ती ई८, राजा मागे जी८ वर. हातानेच किल्लेकोट केल्यासारखं. ज्याला हा आराखडा माहीत आहे त्याला घाम फुटत नाही. त्याचा राजा जी८ वर निवांत बसला की पांढऱ्याकडे उरतात ती नुसती दोन प्यादी, आणि समोर एक अख्खा घोडा जास्त. म्हणून पांढऱ्याला घाई करावी लागते: एफ४, मग ई५. काळ्याचे घोडे मागे रेटायचे आणि राजा आणि हत्ती एकमेकांच्या वाटेत असतानाच मध्य उघडायचा. पांढऱ्याने एक चाल जरी वाया घालवली, तरी काळ्याचं काम सोपं होतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो: समोरच्याने सगळं बरोबर केलं, तर माझ्या हाती काय राहतं? काही बलिदानं अशी असतात की उत्तर सापडलं तरी आपण थोडे मागे, पण खेळायला डाव उरतो. काही अशी, की उत्तर सापडलं की लगेच हार. कॉक्रन पहिल्या जातीचा आहे. काळ्याने नीट खेळूनही पांढऱ्याकडे प्याद्यांची फळी राहते आणि तीसचाळीस चाली झुंजता येतं. म्हणूनच मी त्याला बाद करत नाही. दीड तासाच्या डावात, अभ्यासू प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मी तो कोणाला सुचवणार नाही. रॅपिडमध्ये, पेट्रॉफ खेळून शांतपणे अर्धा गुण खिशात टाकू पाहणाऱ्याविरुद्ध मात्र ती पूर्ण विचाराने केलेली निवड ठरते.

हे तीन प्रश्न विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. इंजिन शोध घेताना वरवर वाईट दिसणाऱ्या चालींना कमी खोलवर तपासतं, म्हणून बलिदानाची चाल सुरुवातीला त्याच्या यादीत खाली असते किंवा नसतेच. ती चाल आपण पटावर करून द्यायची, तिथून त्याला काही मिनिटं विचार करू द्यायचा, पुढच्या दोनतीन चालीही करून बघायच्या आणि मग मागे यायचं. मागे आल्यावर आकडा कित्येकदा बदललेला असतो. त्यानंतरचं काम सगळ्यात फळ देणारं: पट फिरवायचा. इंजिनला हल्ला करायला सांगायचं आणि बचाव आपण करायचा, घड्याळ लावून. ज्या चालीला आपला हात अडखळतो तिथेच समोरच्याचाही अडखळणार. ज्या चाली आपण न अडखळता केल्या, त्या तोही करेल. बचावाचं दुखणं स्वतः अनुभवल्याशिवाय बलिदानाची किंमत कळत नाही. माणसासारखं खेळणारं इंजिन हवं असेल तर तेही आता आहे. टोरांटो विद्यापीठ, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये माया नावाचं इंजिन मांडलं. ते लिचेसवरच्या माणसांच्या डावांवर शिकवलेलं आहे, आणि त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सुमारे ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंसारख्या चालतात. सर्वोत्तम चाल कुठली, हे ते सांगत नाही; या ताकदीचा माणूस इथे काय करेल, याचा अंदाज देतं. बलिदान तपासणाऱ्याला याहून उपयोगी साधन मला माहीत नाही. तरी आपल्याकडच्या शिकवण्यांमध्ये स्टॉकफिशशिवाय दुसरं नाव क्वचितच ऐकू येतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एवढं सगळं घरी तपासून मोहरा दिला, तर ते बलिदान राहिलं कुठे? ऑस्ट्रियाचा रुडॉल्फ श्पीलमान याने १९३५ च्या आपल्या पुस्तकात बलिदानाचे दोन प्रकार केले होते. एक दिखाऊ, जिथे मोबदला मोजता येतो आणि मोहरा थोड्याच चालींत परत मिळतो. दुसरं खरं, जिथे मोबदला मोजता येत नाही आणि खेळाडू आपल्या जाणिवेच्या बळावर मोहरा देतो. श्पीलमानच्या लेखी धोका होता तो दुसऱ्यातच. इंजिन आल्यावर खऱ्याचं दिखाऊ होत चाललं, कारण आता सगळंच मोजता येतं, असा हा आक्षेप.

त्याचं उत्तर मला नाशिकच्या विदित गुजराथीच्या एका डावात दिसतं. एप्रिल २०२४, टोरांटोची कँडिडेट्स स्पर्धा, दुसरी फेरी. समोर हिकारू नाकामुरा, जो त्याआधी सलग ४७ क्लासिकल डाव हरला नव्हता. विदित काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. त्याने घरून तयार करून आणलेलं बलिदान केलं, उंट एच३ वर मारून पांढऱ्या राजापुढची तटबंदी फोडली, आणि डाव जिंकला. त्या उंटाच्या मागे इंजिनचे तास होते, हे उघड आहे. पण नाकामुरा एक वेगळी चाल खेळतो, तयारी संपते, आणि तिथून पुढे विदित एकटा असतो, समोर जगातला एक अत्यंत चिवट बचावपटू आणि पटावर एक उंट कमी. घरी इंजिनने सांगितलेलं असतं की इथे काळा ठीक आहे. का ठीक आहे, ते त्याला स्वतःला समजलेलं नसेल तर तो दहा चालींत कोसळेल. श्पीलमानने सांगितलेला धोका नाहीसा झालेला नाही, तो पुढे सरकला आहे. पूर्वी तो मोहरा देण्याच्या क्षणी असायचा, आता तयारी जिथे संपते त्या चालीला असतो. आणि तिथे टिकतो तोच खेळाडू, ज्याने घरी इंजिनचा आकडा पाठ करण्याऐवजी त्या आकड्यामागची पटस्थिती समजून घेतलेली असते.

दुसरं एक उत्तर कास्पारोव्ह आणि टोपालोव्ह यांच्या १९९९ च्या वाइक आन झी इथल्या डावात आहे. कास्पारोव्हने डी४ वर हत्ती दिला, टोपालोव्हने तो घेतला आणि त्याचा राजा पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवला गेला. विश्लेषणात पुढे दिसलं की टोपालोव्हने हत्ती न घेता राजा बी६ वर नेला असता तर त्याचं काही बिघडत नव्हतं. म्हणून तो डाव कमी सुंदर झाला असं मला वाटत नाही. उलट ते उत्तर कळल्यावर कास्पारोव्हच्या हत्तीमागची मोजणी किती लांबवर गेली होती हे जास्त स्पष्ट दिसतं. त्याला घेण्यानंतरचं बरंचसं चित्र पटावर बसल्या बसल्या दिसलं होतं. दोष दाखवणाऱ्या साधनानेच आपल्याला त्या डावात आणखी आत नेलं.

मग माझी तक्रार आहे ती कशाबद्दल? क्रमाबद्दल. मी ज्या ज्या स्पर्धांना जातो तिथे हे दिसतं. फेरी संपते, मुलं हॉलबाहेर येतात, आणि जोडीने पट मांडून बसायच्या आधी मोबाइल निघतो. चौदा वर्षांचा मुलगा हत्ती देऊन जिंकलेला असतो, गाल लाल झालेले असतात. पालक स्क्रीन दाखवतात: “हे बघ, इथे तू उणे तीन होतास.” मुलाचा चेहरा पडतो. समोरचा हरलेला मुलगा म्हणतो, “मला वाटलंच होतं की चूक आहे.” त्याला पटावर तसं काही वाटलेलं नसतं. दोघांनीही काय पाहिलं, कशाला घाबरले, कुठली चाल जवळजवळ करणार होते, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. आणि अर्ध्या तासाने विचारलं तर त्यांना ते आठवत नाही. आकड्याने ते पुसून टाकलेलं असतं. उणे तीन हे खरं असेल. पण त्या उणे तीनपर्यंत पोचायला समोरच्याला किती चाली सापडायला हव्या होत्या, हे त्या मुलाला कोणी दाखवलं नाही. पुढच्या स्पर्धेत तो हत्ती देणार नाही. चौदाव्या वर्षी ज्याने मोहरा द्यायचं सोडलं, तो पुढे मोहरा देण्याची ताकद मोजायलाही शिकत नाही, कारण ती मोजणी पटावर देऊनच शिकावी लागते. बचाव करणारा मुलगाही काही शिकत नाही. त्याच्यासाठी तर ती सगळ्यात मोठी शिकवणी होती: अरुंद वाट कशी ओळखायची, घाबरल्यावर मोजत कसं राहायचं.

गंमत वाटावी अशी एक गोष्ट इथे आठवते. तालच्या घोड्यापुढे चुकलेला बॉटविनिक हा विद्युत अभियंता होता. नंतरची कित्येक वर्षं त्याने पायोनियर नावाचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम घडवण्यात घालवली. त्याला हवं होतं ते यंत्र सगळ्या चाली आंधळेपणाने तपासणारं नव्हतं. उस्ताद खेळाडू जसा मोजक्या, अर्थाच्या वाटा निवडून विचार करतो, तसा विचार करणारं होतं. तो प्रयत्न यशस्वी झाला नाही, आणि जग वेगाने मोजणाऱ्या यंत्रांच्या वाटेने गेलं. पण बॉटविनिकचा आग्रह मला आज शिकवणाऱ्यांसाठी फार मोलाचा वाटतो. त्याला उत्तरापेक्षा विचाराची वाट हवी होती.

म्हणून क्लबांना आणि शिकवणाऱ्यांना माझी सूचना नेमकी आहे. डाव संपल्यावर पहिला अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून दोन्ही खेळाडूंनी पटावर बसावं. ज्याने मोहरा दिला त्याने आधी लिहावं: समोरच्याची सगळ्यात चांगली चाल कुठली असं मला वाटलं, आणि ती आली असती तर मी काय करणार होतो. ज्याने बचाव केला त्याने लिहावं: मी कुठल्या दोन चालींमध्ये अडलो. मग इंजिन लावावं, आणि आकडा झाकून फक्त चाली बघाव्या. वर सांगितलेले तीन प्रश्न विचारावे, पट फिरवून पाच मिनिटांत बचाव करून बघावा. त्यानंतर हवा तर आकडा उघडावा. आणि शेवटी बलिदान वहीत उतरवताना त्याच्याखाली त्याचं उत्तर, म्हणजे समोरच्याने करायला हव्या होत्या त्या चाली, त्याच हस्ताक्षरात पूर्ण लिहून ठेवाव्या. ते उत्तर माहीत असूनही पुढच्या स्पर्धेत तो मोहरा द्यायचा की नाही, हे मुलाने ठरवावं. प्रशिक्षकाने त्यात मध्ये पडू नये, आणि पालकांनी तर नाहीच.